वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांना निरोप देताना : गौरवाची तयारी कशी करावी

भारतातील बहुतेक वैद्यकीय नियतकालिके डॉक्टरांच्या संघटना, वैद्यकीय महाविद्यालये किंवा न्यास चालवतात, आणि त्यांचे मुख्य संपादक ओपीडी, वॉर्डातील राउंड, शस्त्रक्रिया आणि अध्यापन सांभाळून उरलेल्या वेळात, बहुधा मानधनाशिवाय, हे काम करीत असतात. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ घ्या, किंवा १९९३ मध्ये मुंबईतच लहान स्वरूपात सुरू झालेले आणि आज ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या नावाने ओळखले जाणारे नियतकालिक घ्या. अशी कामे टिकली ती रुग्णालयाच्या कामानंतर रात्री उशिरापर्यंत इतरांचे निबंध तपासत बसणाऱ्या माणसांमुळे. तरीही संपादक पद सोडतात तेव्हा वार्षिक परिषदेच्या उद्घाटनात शाल, श्रीफळ, दोन मिनिटांचे भाषण आणि एक छायाचित्र एवढ्यावर बहुतेक ठिकाणी उरकले जाते. पुढील अंकात मुखपृष्ठामागच्या पानावरचे नाव बदलते आणि वाचकाला कोण गेले, त्यांनी काय केले, याचा पत्ताही लागत नाही.

ज्या संघटनांना याहून बरे काही करायचे आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यातील सर्व सूचना एकाच कसोटीवर उभ्या आहेत : संपादकांनी इतरांच्या लेखनाला जे नियम लावले तेच त्यांच्या गौरवालाही लावावेत. पुराव्याशिवाय विधान नको, हितसंबंध लपवायला नको, गोपनीयता मोडायला नको, आणि वशिल्याने काही छापायला नको. ऐकायला हे सोपे वाटते. पण गौरव समितीच्या पहिल्याच बैठकीत यातील निदान दोन नियम मोडण्याचे प्रस्ताव हमखास येतात, आणि तेही अत्यंत प्रेमापोटी.

आठ महिने आधी : संपादक का जात आहेत आणि त्यांना काय हवे आहे

मुदत संपून जाणे, वयोमानाने निवृत्त होणे, प्रकृतीमुळे थांबणे आणि मतभेदाने बाहेर पडणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीत गौरवाचे स्वरूप वेगळे असते. पहिल्या दोन परिस्थितींत अडचण नसते. तिसऱ्या परिस्थितीत कार्यक्रम लवकर, लहान आणि शक्यतो त्यांच्या घरी किंवा विभागात करावा, आणि आजारपणाचा उल्लेख छापील मजकुरात त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय करू नये. डॉक्टरांच्या संघटनेला हे सांगावे लागू नये, पण लागते.

चौथी परिस्थिती खरोखर अवघड आहे. जगातील मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांचा इतिहास पाहिला तर संपादकांचे जाणे नेहमीच गोडीगुलाबीने झालेले नाही. १९९९ च्या जानेवारीत अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या ‘जामा’ या नियतकालिकाचे संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांना काढून टाकले, आणि त्याच वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे संपादक जेरोम कॅसिरर यांना, नियतकालिकाच्या नावाचा वापर इतर प्रकाशनांसाठी करण्यावरून मालक संस्थेशी मतभेद होऊन, पद सोडावे लागले. २००६ च्या फेब्रुवारीत कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकाचे संपादक जॉन होई आणि त्यांच्या वरिष्ठ सहकारी अ‍ॅन मेरी टॉडकिल यांना हटवले गेले. त्यानंतर संपादक मंडळातील अनेकांनी राजीनामे दिले आणि त्या वर्तुळातील मंडळींनी पुढच्या वर्षी ‘ओपन मेडिसिन’ हे स्वतंत्र नियतकालिक काढले. अशा वेळी मालक संस्थेने समारंभाचा आग्रह धरू नये, कारण ज्याला आपण काढले त्यालाच हार घालणे हे दोघांनाही अवघडल्यासारखे होते. मात्र अंकात नोंद आलीच पाहिजे : कार्यकाळ कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, त्या काळात झालेले प्रमुख बदल, आणि पद रिक्त होण्याचे कारण खऱ्याखुऱ्या शब्दांत. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द तसे कारण असेल तरच लिहावेत. संपादक मंडळातील सहकाऱ्यांना स्वतंत्रपणे कृतज्ञता व्यक्त करायची असेल तर त्यांना तेवढी जागा द्यावी आणि त्या मजकुरात संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी हात घालू नये.

कारण स्पष्ट झाल्यावर स्वतः संपादकांना भेटावे. आश्चर्याचा धक्का देण्याची कल्पना वाढदिवसाला ठीक आहे. येथे ती टाळावी, कारण विशेषांकापासून निधीपर्यंत प्रत्येक गोष्टीत त्यांच्या हितसंबंधांचा प्रश्न येतो. त्यांना तीन प्रश्न सरळ विचारावेत : अंकात काय आलेले आवडेल, समारंभ हवा आहे का, आणि कोणती गोष्ट अजिबात नको. बहुतेक संपादक आरंभी ‘काहीच नको’ म्हणतात. हा नकार समारंभापुरता मान्य करावा. लेखी नोंदीपुरता मान्य करू नये, कारण ती नोंद वाचकांसाठी आणि नियतकालिकाच्या इतिहासासाठी असते.

समिती आणि वेळापत्रक

पाच माणसे पुरेत : एक सहसंपादक, एक जुने समीक्षक (आलेले निबंध छापण्यापूर्वी तपासून मत देणारे तज्ज्ञ), संघटनेचे कोषाध्यक्ष, तरुण लेखकांपैकी एक आणि नियतकालिकाच्या कार्यालयातील कर्मचारी. शेवटच्या व्यक्तीला हमखास विसरले जाते. वास्तविक कोणता अंक का रखडला, कोणत्या वर्षी छपाईचा खर्च कसा भागला, रात्री अकराला सरांचा किंवा मॅडमचा ई-मेल कशाबद्दल येत असे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. नव्या संपादकांना समितीत घ्यावे, पण अध्यक्ष करू नये. पूर्वसूरींची स्तुती करण्याचे ओझे आणि पदभार स्वीकारण्याचे काम एकाच वेळी त्यांच्यावर टाकणे बरे नव्हे.

वेळापत्रक प्रकाशनाच्या तारखेपासून मागे मोजत आखावे. त्रैमासिक असेल तर निरोपाच्या अंकाचा मजकूर प्रकाशनाच्या साधारण दोन महिने आधी पक्का झालेला असतो. त्याआधी लेखन आणि तपासणीसाठी दोन महिने, त्याआधी माहिती गोळा करण्यासाठी दोन ते तीन महिने, आणि संपादकांशी बोलून समिती नेमण्यासाठी एक महिना धरला की आठ महिन्यांचा हिशोब लागतो. समीक्षकांनी तपासलेल्या लेखांचा विशेष विभाग काढायचा असेल तर वर्षभर आधी सुरुवात करावी.

माहिती गोळा करणे

गौरवाचा सगळा मजकूर या टप्प्यावर अवलंबून असतो, म्हणून येथे घाई करू नये. ‘अथक परिश्रम’, ‘उत्तुंग व्यक्तिमत्त्व’, ‘नियतकालिकाला नव्या उंचीवर नेले’ अशी वाक्ये माहिती नसली की आपोआप सुचतात.

पहिले साधन म्हणजे अंक. कार्यकाळातील सर्व अंकांची संपादक मंडळाची पाने ओळीने पाहिली की मंडळ कसे बदलले, मुंबई-पुण्याबाहेरची माणसे केव्हा आली, स्त्रियांची संख्या केव्हा वाढली, संख्याशास्त्राचे स्वतंत्र संपादक केव्हापासून नेमले गेले हे दिसते. दुसरे साधन म्हणजे सर्वसाधारण सभेपुढे दरवर्षी ठेवलेले संपादकांचे अहवाल. तिसरे साधन म्हणजे निबंध स्वीकारण्याची ऑनलाइन प्रणाली. तीत दर वर्षी किती निबंध आले, किती स्वीकारले, पहिला निर्णय कळवायला किती दिवस लागले, याची आकडेवारी असते. ही आकडेवारी संपादकांचे खाते बंद होण्यापूर्वी उतरवून घ्यावी. दिवसांची सरासरी काढू नये. मध्यक (सर्व आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढावा, कारण वर्षभर अडकून पडलेले चार-दोन निबंध सरासरी भलतीकडे नेतात.

शुद्धिपत्रे आणि मागे घेतलेले निबंध यांचीही नोंद घ्यावी. गौरवाच्या मजकुरात निबंध मागे घेतल्याचा उल्लेख कसा करावा, असा संकोच अनेकांना वाटतो. माझ्या मते तो संकोच चुकीचा आहे. तक्रार आल्यावर चौकशी करून, लेखकांच्या संस्थेला पत्र लिहून, दबाव न जुमानता निबंध मागे घेणे हे संपादकांच्या कामातील सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी कौतुकाचे काम असते. मागे घेतल्याची सूचना प्रसिद्ध झालेली असते, त्यामुळे तिचा उल्लेख करण्यात काही गैर नाही.

धोरणे केव्हा बदलली हे शोधणे त्याहून महत्त्वाचे आहे. उदाहरणार्थ, वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००४ मध्ये जाहीर केले की नोंदणी नसलेल्या औषध-चाचण्यांचे निबंध तिची सदस्य नियतकालिके छापणार नाहीत. भारताची स्वतःची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री २००७ च्या जुलैमध्ये सुरू झाली, आणि चाचण्यांची नोंदणी जून २००९ पासून बंधनकारक झाली. या दरम्यान काही भारतीय नियतकालिकांच्या संपादकांनी कायद्याची वाट न पाहता नोंदणी क्रमांकाची अट घातली होती. आपल्या नियतकालिकाने ती अट केव्हा घातली, तेव्हा कोणी विरोध केला, आणि नोंदणी नसलेल्या किती चाचण्या परत गेल्या, हे शोधले तर गौरवलेखाला एक भक्कम परिच्छेद मिळतो. हीच गोष्ट नीतिशास्त्र समितीच्या मान्यतेची, रुग्णांच्या छायाचित्रांसाठी लेखी संमतीची, लेखकांच्या वाट्याचे स्वतंत्र निवेदन मागण्याची. बढतीसाठी छापील निबंध लागतात, आणि त्यामुळे ओळखीचे, वरिष्ठ, कधी स्वतःच्याच विभागाचे प्रमुख संपादकांकडे शब्द टाकतात. अशा वातावरणात नियम पाळला गेला का, हे संपादकांच्या कामाचे खरे माप आहे.

इम्पॅक्ट फॅक्टरच्या, म्हणजे नियतकालिकातील लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात या मापाच्या, मोहात मात्र पडू नये. २०२४ चा आकडा म्हणजे २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेली उद्धरणे भागिले त्या दोन वर्षांतील उद्धरणयोग्य लेखांची संख्या, आणि तो जाहीर होतो २०२५ च्या मध्यावर. म्हणजे २०२२ च्या आरंभी पदभार घेतलेल्या संपादकांच्या पहिल्या काही अंकांतील बरेचसे निबंध पूर्वीच्या संपादकांनी स्वीकारलेले असतात, आणि जाणाऱ्या संपादकांच्या शेवटच्या दोन वर्षांचे फळ ते गेल्यानंतर दिसते. हा आकडा द्यायचाच असेल तर पूर्ण कालपट देऊन एका वाक्यात द्यावा.

माणसांकडून आठवणी मागवताना ‘सरांबद्दल दोन शब्द लिहा’ असे लिहिले की दोनच शब्द येतात, आणि तेही सर्वांचे सारखे. नेमका प्रश्न विचारावा. लेखकांना : तुमच्या निबंधात संपादकांनी सुचवलेला आणि आजही आठवणारा एक बदल कोणता? समीक्षकांना : तुमचे मत संपादकांनी मान्य केले नाही असे कधी झाले का, आणि त्यांनी कारण काय दिले? सहसंपादकांना : मंडळाच्या बैठकीत सर्वांत जास्त वाद कोणत्या प्रश्नावर झाला? उत्तर दहा ओळींचे असावे आणि ते छापले जाऊ शकते, हे विनंतीपत्रातच नमूद करावे. याशिवाय स्वतः संपादकांची दोन बैठकांत ध्वनिमुद्रित मुलाखत घ्यावी. पहिल्या बैठकीत माणूस अहवाल देतो, दुसऱ्या बैठकीत बोलतो.

येथे गोपनीयतेची सीमा आहे आणि ती पाळलीच पाहिजे. आलेला निबंध, त्यावरील समीक्षकांची मते, समीक्षकांची नावे आणि नकाराची कारणे ही गोपनीय माहिती असते, आणि संपादक निवृत्त झाले म्हणून ती खुली होत नाही. सर्वांत रंगतदार किस्से नेमके याच भागात असतात, हे समितीचे दुर्दैव. लेखक स्वतःच्या नाकारलेल्या निबंधाची कथा सांगू शकतो, कारण ती त्याची आहे. समितीने, कार्यालयाने किंवा समीक्षकांनी ती सांगू नये. समीक्षकांना विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरातूनही निबंध ओळखू येणार नाही, अशी काळजी घ्यावी.

निरोपाचे संपादकीय

शेवटच्या अंकात दोन स्वतंत्र मजकूर असावेत. एक स्वतः संपादकांचा, आणि तो त्यांना हवा तसा. त्याची लांबी सोडून कशातही मंडळाने ढवळाढवळ करू नये. दुसरा मंडळाच्या वतीने, शक्यतो सर्वांत दीर्घकाळ बरोबर काम केलेल्या सहसंपादकाने लिहिलेला, आठशे ते हजार शब्दांचा.

या दुसऱ्या मजकुराचा आरंभ जन्मगाव, शिक्षण आणि पदकांनी करू नये. ती माहिती चौकटीत द्यावी. आरंभ करावा तो पदभार घेतला त्या वेळी नियतकालिक कोणत्या अवस्थेत होते याने, आणि तेही पूर्वीच्या संपादकांवर ठपका न येईल अशा भाषेत; तेही याच अंकाचे वाचक असतात. त्यानंतर दोन किंवा तीन निर्णय निवडून त्यांची हकिकत सविस्तर सांगावी. दहा कामांची यादी देण्यापेक्षा एका निर्णयाचे कारण, विरोध आणि परिणाम सांगितल्याने संपादक वाचकाला कळतात. जे जमले नाही त्याबद्दलही एक वाक्य असावे, आणि ते वाक्य आधी त्यांना दाखवावे. लेखकाचा संपादकांशी असलेला संबंध, म्हणजे विद्यार्थी, विभागातील सहकारी, सहलेखक, शेवटी हितसंबंधांच्या निवेदनात लिहावा. गौरवाच्या लेखाला असे निवेदन कशाला, असे विचारणारे भेटतील; ज्यांच्या गौरवासाठी लेख आहे त्यांनी ते निवेदन प्रत्येक लेखकाकडून मागितले होते, एवढे उत्तर पुरेसे आहे.

एका सापळ्याबद्दल विशेष लिहिले पाहिजे. कार्यकाळाचा आढावा घेताना नियतकालिकातील अलीकडचे तीस-चाळीस लेख संदर्भसूचीत देण्याची कल्पना आकर्षक वाटते. पण मागील दोन वर्षांतील लेख असे उद्धृत केले की इम्पॅक्ट फॅक्टर कृत्रिमरीत्या वाढतो. वाणी आणि आवाज यांच्या विकारांवरील ‘फोलिया फोनियाट्रिका एट लोगोपेडिका’ या नियतकालिकाने २००७ मध्ये या मोजमापाचा निषेध म्हणून मुद्दाम तसे करून दाखवले : मागील दोन वर्षांतील स्वतःचे सर्व लेख एकाच संपादकीयात उद्धृत केले, आणि आकडा ०.६६ वरून १.४४ वर गेला. त्यांनी जे उघडपणे निषेध म्हणून केले ते आपल्याकडून भाबडेपणाने झाले तरी बाहेरून लबाडीच दिसते. म्हणून आढाव्यात लेखांचा उल्लेख वर्ष आणि विषय सांगून मजकुरातच करावा, आणि औपचारिक संदर्भ अगदी आवश्यक तेवढेच, शक्यतो जुन्या लेखांचे, द्यावेत.

विशेषांक काढावा का

मराठी वाचकाला गौरवग्रंथाची परंपरा परिचित आहे, आणि वैद्यकातही ज्येष्ठांच्या सन्मानार्थ लेखसंग्रह काढण्याची रीत इतकी रुळलेली आहे की पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीच्या वर्गीकरणात तिच्यासाठी प्रकाशनाचा वेगळा प्रकार ठेवलेला आहे. तरीही संपूर्ण गौरव विशेषांक काढू नये, असे माझे मत आहे. निमंत्रित लेखक वेळेवर लिहीत नाहीत, लिहिले तर जुन्याच लेखाची पुनर्मांडणी पाठवतात, आणि सन्मानार्थ आलेला कच्चा लेख नाकारण्याचे धैर्य कोणात नसते. त्यापेक्षा नेहमीच्या अंकात चार ते सहा लेखांचा एक विभाग करावा, आणि त्याचे विषय संपादकांनी कार्यकाळात लावून धरलेल्या प्रश्नांवर ठेवावेत : उदाहरणार्थ, जिल्हा रुग्णालयातील संशोधन, केस रिपोर्टचा (एखाद्या रुग्णाच्या हकिकतीवरील लेखाचा) उपयोग, निवासी डॉक्टरांना लेखन कसे शिकवावे.

या विभागासाठी अतिथी संपादक नेमावेत, आणि निरोप घेणाऱ्या संपादकांना त्या लेखांच्या निर्णयप्रक्रियेत प्रवेश नसावा. प्रत्येक संशोधनपर लेख बाह्य समीक्षेतून जावा. आठवणीपर मजकूर तसा नसल्याचे स्पष्ट छापावे. सन्मान म्हणून संपादकांचे नाव एखाद्या लेखावर सहलेखक म्हणून घालण्याचा प्रस्ताव आला तर तो तेथेच थांबवावा : कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्याची चिकित्सक दुरुस्ती, अंतिम मजकुराला मान्यता आणि कामाची जबाबदारी या चारही अटी पूर्ण करणारी व्यक्तीच लेखक असते.

पैसा

औषध कंपनीकडून पैसा घेऊ नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये घातलेल्या ६.८ या कलमाने डॉक्टरांना औषध उद्योगाकडून भेटवस्तू, प्रवास आणि पाहुणचार घेण्यास मनाई केली; २०२४ च्या मार्चमध्ये औषध कंपन्यांसाठी आलेल्या एकसमान विपणन संहितेतही डॉक्टरांना भेटी देण्यास बंदी आहे. संघटनेने पैसे घेतले, डॉक्टरांनी नव्हे, अशी पळवाट सुचवली जाते. पण ज्या कंपनीच्या औषधाची चाचणी याच नियतकालिकात छापली जाते तिच्या फलकाखाली संपादकांचा सत्कार करणे म्हणजे त्यांच्या सर्व कार्यकाळावर वाचकाला शंका घेऊ देणे होय.

निधी सदस्यांकडून गोळा करायचा असेल तर कमाल रक्कम ठरवावी, देणगीदारांची यादी छापू नये, निवासी डॉक्टरांकडे मागू नये, आणि ज्यांचे निबंध सध्या विचाराधीन आहेत त्यांना विनंतीपत्रच पाठवू नये. संपादकांना थैली देण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. पण नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून वर्षभरात एकूण पन्नास हजार रुपयांहून अधिक रोख भेट मिळाली तर ती पूर्ण रक्कम प्राप्तिकराच्या दृष्टीने त्यांचे उत्पन्न धरली जाते, याची त्यांना आधी कल्पना द्यावी. संघटना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर तिच्या निधीतून होणारा खर्च कार्यकारिणीच्या ठरावाने आणि न्यासाच्या उद्दिष्टांत बसेल असाच करावा. याच कारणाने बहुतेक ठिकाणी थैलीऐवजी कायम निधी उभारून त्यांच्या नावे उत्कृष्ट समीक्षकाला वार्षिक पुरस्कार देणे सोयीचे ठरते. दरवर्षी दहा हजार रुपयांचा पुरस्कार सहा टक्के व्याजातून द्यायचा तर सुमारे एक लाख सदुसष्ट हजार रुपये मुद्दल लागते. महागाईचा विचार करून दोन लाखांहून अधिक ठेवावे.

भेट म्हणून कार्यकाळातील सर्व अंक चामडी पुठ्ठ्यात बांधून द्यावेत. इतके वर्ष काम करूनही अनेक संपादकांकडे स्वतःच्या अंकांचा पूर्ण संच नसतो.

समारंभ

परिषदेच्या उद्घाटनात सत्कार ठेवू नये. तेथे मंत्री, कुलगुरू आणि दीपप्रज्वलन यांच्या गर्दीत संपादक सातव्या क्रमांकावर येतात. समारोपातही ठेवू नये, कारण तोवर अर्धे सभागृह स्टेशनच्या किंवा विमानतळाच्या वाटेवर असते. दुसऱ्या दिवशीच्या सकाळी, मुख्य सभागृहात, पाऊण तासाचे स्वतंत्र सत्र मागून घ्यावे आणि त्या वेळी इतर सभागृहांत समांतर सत्र नसेल हे शास्त्रीय समितीकडून लेखी घ्यावे.

प्रास्ताविक तीन मिनिटांचे असावे. वक्ते तिघेच : एक सहसंपादक, एक लेखक आणि कार्यालयातील कर्मचारी, प्रत्येकी सहा मिनिटे. अध्यक्षांनी मानपत्र अर्पण करावे, भाषण करू नये. हे त्यांना आठवडाभर आधी नम्रपणे सांगावे. सत्काराला उत्तर देण्यासाठी संपादकांना पंधरा मिनिटे मोकळी द्यावीत. त्यांच्या कुटुंबीयांना पहिल्या रांगेत बसवावे आणि त्यांच्या प्रवासाची सोय समितीने पाहावी. मुख्य संपादक मॅडम असतील तर त्यांच्या पतीचे कौतुक करण्यात निम्मा वेळ घालवू नये, हेही लिहून ठेवतो.

मानपत्र हा आपल्या समारंभांतील सर्वांत दुर्लक्षित लेखनप्रकार आहे. ते दोनशे शब्दांहून मोठे नसावे, मोठ्याने वाचता येईल अशा वाक्यांत असावे, आणि त्यातील प्रत्येक विधान माहितीच्या फायलीत सापडले पाहिजे. एक नमुना पाहावा :

‘आपण संपादकपद स्वीकारले तेव्हा अंक तीन-तीन महिने उशिरा निघत असे. दुसऱ्या वर्षापासून तो ठरलेल्या तारखेला निघू लागला. नाकारलेल्या निबंधाच्या लेखकालाही आपण कारणांसह पत्र पाठवले. त्या पत्रांतून लिहायला शिकलेले अनेक जण आज या सभागृहात बसले आहेत. संघटनेच्या माजी अध्यक्षांचा निबंधही आपण समीक्षकांकडे पाठवलात आणि त्यांच्या मतानुसार परत केलात.’

पहिली चार वाक्ये उत्तम आहेत. पाचवे टाळ्या मिळवेल, आणि तेच काढावे लागेल. माजी अध्यक्ष हयात असतील तर पहिल्या रांगेत असतील, नसतील तरी तो निबंध गोपनीयच होता. त्याऐवजी ‘कोणाचाही निबंध समीक्षेवाचून छापला नाही’ एवढे लिहावे, आणि तेही आकडेवारीवरून खरे ठरत असेल तरच. मानपत्राचा मसुदा कार्यालयाबाहेरच्या एका भाषेच्या जाणकाराकडून तपासून घ्यावा. डॉक्टरांचे शुद्धलेखन हा विषय येथे वाढवत नाही.

पद, पदभार आणि त्यानंतर

माजी संपादकांना ‘मानद सल्लागार संपादक’ असे पद द्यायचे असेल तर त्याची मुदत, उदाहरणार्थ तीन वर्षे, आणि कामे ठरावात लिहावीत. निबंधांच्या निर्णयात, समीक्षक निवडण्यात आणि अंकाच्या क्रमात त्यांचा सहभाग नसेल, हे स्पष्ट असले की नव्या संपादकांना मोकळेपणाने काम करता येते आणि जुन्यांनाही कोणी मध्यस्थी करायला सांगत नाही.

पदभार सुरळीत सोपवणे हा गौरवाचाच भाग समजावा. विचाराधीन निबंधांची स्थितीनिहाय यादी, चौकशी चालू असलेल्या तक्रारींच्या फायली, निबंध प्रणालीचे, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) नोंदणीचे आणि निर्देशसूचींचे वापराधिकार यांची देवघेव दोघांच्या सह्यांनी एका दिवशी व्हावी. छापील अंकाची नोंदणी असेल तर संपादक बदलल्याची माहिती प्रेस रजिस्ट्रार जनरलच्या कार्यालयाला देण्याची प्रक्रिया तपासून घ्यावी. नियतकालिकांच्या नोंदणीबाबतच्या १८६७ च्या कायद्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा मार्च २०२४ पासून लागू आहे आणि हे काम आता प्रेस सेवा पोर्टलवरून होते. माहिती गोळा करताना जमलेली पत्रे, आकडेवारी आणि मुलाखतीचे ध्वनिमुद्रण महाविद्यालयाच्या किंवा संघटनेच्या ग्रंथालयात एका फायलीत ठेवावे, आणि त्यातील गोपनीय कागद वेगळे करून कार्यालयाच्या कुलपात ठेवावेत.

माजी संपादक पुढे स्वतःचा निबंध याच नियतकालिकाकडे पाठवतील, असे अनेकदा घडते. पद सोडल्यापासून किमान वर्षभर तो पाठवू नये, असा संकेत काही मंडळे पाळतात आणि तो योग्य आहे. त्यानंतर आलेला निबंध त्यांच्या विभागात कधीही काम न केलेल्या सहसंपादकाकडे द्यावा, दोन बाह्य समीक्षकांकडे पाठवावा, आणि समीक्षकांनी नाकारला तर नकाराचे पत्र इतर लेखकांना जाते तेच, कारणांसह, त्यांनाही पाठवावे.